जुवाचे दोर

बायबलातलं दुसरं स्तोत्र मला पहिल्यांदा उलगडून दाखवलं ते पाळकसाहेबांनी नव्हे, आजोबांनी. तेही गोठ्यात, संध्याकाळचा चारा टाकता टाकता.

नगर जिल्ह्यातलं आमचं गाव. रविवारच्या उपासनेत शास्त्रवाचनाची पाळी माझ्यावर आली होती आणि मी ओट्यावर बसून मोठ्यानं सराव करत होतो. पृथ्वीवरचे राजे उभे राहतात, सत्ताधीश मसलत करतात आणि देवाविरुद्ध नि त्याच्या अभिषिक्ताविरुद्ध एकमेकांना म्हणतात: चला, यांची बंधनं तोडू, यांचे दोर झुगारून देऊ. मी तेव्हा नववीत असेन. 'बंधनं' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तुरुंग, कोनाड्यातली मशाल, साखळदंड असं सगळं आलं. आणि खरं सांगायचं तर माझा जीव त्या राजांकडेच ओढ घेत होता. बंधनं तोडायची म्हणतायत ना, मग त्यात चुकलं काय?

आजोबा गव्हाणीत कडबा टाकत होते. ते थांबले. "परत वाच." मी परत वाचलं. "दोर म्हनतोय न्हवं त्यो? मंग ह्ये बैलाचं हाय. मानसाला बेडी घालत्यात. दोर जनावराला." एवढं बोलून ते पुन्हा कामाला लागले.

आजोबा चौथी शिकलेले. हिब्रू हा शब्दही त्यांनी उपासनेपलीकडे कुठं ऐकला नसेल. पुढं पंचवीसेक वर्षांनी मी ठाण्यात राहायला आलो आणि शेजारच्या काकूंमुळे हिब्रूची अक्षरओळख झाली. काकू बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या, माहेर रोह्याकडचं. बोलणं मराठी, हाताला चव कोकणची आणि प्रार्थनेचं पुस्तक हिब्रू. त्यांनी माझ्याकडून मुळाक्षरं गिरवून घेतली. बाकीचं शब्दकोश आणि चिकाटी यांच्या जोरावर, म्हणजे अर्धंमुर्धंच. त्या शब्दकोशात एके रात्री 'मोसेरोत' हा शब्द शोधला आणि मी थेट गोठ्यात जाऊन पोचलो. दुसऱ्या स्तोत्रातल्या 'बंधनं'साठी मूळ शब्द हाच. बायबलातल्याच यिर्मयाच्या पुस्तकात देव संदेष्ट्याला सांगतो, दोर आणि जू तयार कर आणि स्वतःच्या मानेवर घाल. तिथला दोर म्हणजे हेच मोसेरोत. जुवाला बांधायचे पट्टे. आजोबा बरोबर होते.

मग दुसरा शब्द पाहिला, 'आवोत'. जाड पिळाचा दोर. यशयाच्या पुस्तकात तो गाडी ओढायच्या दोरासाठी येतो. आणि होशेयच्या अकराव्या अध्यायात देव आपल्या लोकांबद्दल म्हणतो, मी त्यांना माणुसकीच्या दोऱ्यांनी ओढलं, प्रेमाच्या दोरांनी. त्यांच्या जबड्यावरचं जू वर उचलणाऱ्यासारखा मी त्यांच्याशी वागलो, वाकून त्यांना खाऊ घातलं. ते 'प्रेमाचे दोर' म्हणजे हेच आवोत. ज्या दोराला दुसऱ्या स्तोत्रातले राजे झुगारायला निघालेत, तोच दोर होशेयच्या हातात आला की मायेचा होतो. दोर एकच. ओढणाऱ्याला तो कसा दिसतो आणि ओढला जाणाऱ्याला कसा, एवढाच काय तो फरक. मला वाटतं, स्तोत्रांमधल्या बंडाची सगळी कहाणी या एका दोराभोवती फिरते.

पापासाठी हिब्रूत शब्द पुष्कळ. ३२व्या आणि ५१व्या स्तोत्रात त्यांतले तीन अगदी खांद्याला खांदा लावून येतात. 'हेत' म्हणजे नेम चुकणं. 'आवोन' म्हणजे वाकडेपणा. तिसरा 'पेशा'. (आपल्या वकिली पेशाशी याचा संबंध नाही, काही वकील मित्रांना मी हे मुद्दाम सांगत नाही.) पेशा म्हणजे बंड, आणि हा शब्द देवळातल्याइतकाच दरबारातला. इस्राएलचा राजा अहाब मेल्यावर शेजारच्या मवाब देशानं इस्राएलाविरुद्ध बंड केलं, तिथं हेच क्रियापद आहे. मवाबाचा राजा मेशा हा मेंढ्यांचा मोठा धनी. एक लाख कोकरं आणि एक लाख एडक्यांची लोकर अशी खंडणी तो इस्राएलच्या राजाला देत असे, ती त्यानं बंद केली. याच मेशाचा शिलालेख १८६८ साली आजच्या जॉर्डनमधल्या धीबान इथं सापडला. तो आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात ही हकिगत मवाबाच्या तोंडून ऐकायला मिळते. तिथं मेशा अर्थातच बंडखोर नाही. तो आपल्या लोकांना सोडवणारा आहे.

म्हणजे बंडखोर कोण हे शिलालेख कोणी कोरला यावर ठरतं की काय? मला हा प्रश्न बरेच दिवस सोडत नव्हता. आपल्याकडे तर 'बंड' या शब्दाला मानाचं पान आहे. शाळेच्या पुस्तकापासून आपण बंडखोरांवर प्रेम करायला शिकतो. हल्ली तिकीट न मिळालेला उमेदवार अपक्ष अर्ज भरतो त्यालाही पेपरवाले बंडखोरच म्हणतात, तो भाग वेगळा. तेव्हा देवाविरुद्धच्या बंडाला वाईट म्हणायचं असेल तर आधी त्याचं राज्य रास्त आहे हे कुणीतरी दाखवायला हवं. नाहीतर तोही आणखी एक खंडणी घेणारा राजा.

स्तोत्रं हे दाखवतात, पण युक्तिवाद करून नाही. शंभरावं स्तोत्र म्हणतं, त्यानं आम्हांला घडवलं, आणि लगेच पुढं 'लो' असा एक शब्द येतो. हिब्रूत तो दोन तऱ्हांनी लिहितात. एक अक्षर घातलं तर अर्थ 'नाही': त्यानं घडवलं, आम्ही स्वतःला नाही घडवलं. दुसरं अक्षर घातलं तर 'त्याचे': त्यानं घडवलं, आम्ही त्याचे आहोत. लेखनिकांच्या परंपरेत पानावर एक लिहिलेलं असतं आणि वाचताना दुसरं वाचतात. दोन्ही जपून ठेवलंय. मला हे फार आवडतं. हक्काचा दावा एका अक्षरावर तोलून धरलाय, आणि त्या अक्षरालाही दोन बाजू.

पण घडवलं म्हणून मालकी, एवढ्यावर माझं समाधान झालं नसतं. आईबापांनीही घडवलेलंच असतं, आणि त्यांच्याविरुद्ध केलेलं प्रत्येक बंड काही चुकीचं नसतं. समाधान झालं ते ८२व्या स्तोत्राशी. ज्यू परंपरेत आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक स्तोत्र नेमून दिलंय, हे मंगळवारचं. देव सभेत उभा आहे. समोर सत्ताधीश, ज्यांना तो 'देव' असंच म्हणतो. आणि तो त्यांना झाडतो: किती दिवस असा वाकडा न्याय करणार? दुबळ्याला, अनाथाला न्याय द्या, गरिबाला दुष्टाच्या हातून सोडवा. त्यांना काही कळत नाही, ते अंधारात चाचपडतात, पृथ्वीचे पाये डळमळतात. मग निकाल: तुम्ही देव आहात असं मी म्हटलं होतं, पण तुम्ही माणसांसारखे मराल. राज्य कशावर टिकतं आणि कशानं जातं, हे इतक्या थोडक्यात मी दुसरीकडे वाचलेलं नाही. ९७वं स्तोत्र तर म्हणतंच की त्याच्या सिंहासनाचा पायाच नीती आणि न्याय आहे. पाया काढून घेतला तर सिंहासन हे नुसतं लाकूड.

हे एकदा लक्षात आलं की स्तोत्रांतले बंडखोर कोण आहेत हेही दिसायला लागतं, आणि नववीतली माझी चूकही. ते पिचलेले लोक नाहीत. दहाव्या स्तोत्रातला माणूस खेड्यापाड्यांत दबा धरून बसतो, सिंहासारखा, आणि गरिबाला जाळ्यात ओढतो. बाराव्यातले म्हणतात, आमची जीभ आमच्या कामाची, आमचे ओठ आमचेच, आमच्यावर धनी कोण? चौदाव्यातला मूर्ख मनात म्हणतो, देव नाही. या शेवटच्या ओळीवर नास्तिकांना हिणवणारी पुष्कळ प्रवचनं मी ऐकली आहेत, आणि प्रत्येक वेळी मला त्या ओळीचीच कीव आली आहे. कारण मूर्खासाठी इथं 'नावाल' हा शब्द आहे, आणि नावालचा बुद्धीशी फारसा संबंध नाही. शमुवेलाच्या पुस्तकात याच नावाचा माणूस येतो, मराठी बायबलात त्याला नाबाल म्हणतात. तीन हजार मेंढरं, एक हजार शेरडं, लोकर कातरण्याचा सण, घरात राजाला शोभेल अशी मेजवानी; आणि दाविदाच्या ज्या माणसांनी रानात त्याच्या मेंढपाळांना सांभाळलं त्यांनी अन्न मागितलं तर विचारतो, दावीद कोण? त्याची बायको अबीगईल स्वतःच सांगते की जसं नाव तसा माणूस. चौदावं स्तोत्रही दोनचार ओळींतच सांगतं की हे मूर्ख करतात काय: भाकर खावी तसे माझ्या लोकांना खातात. देव नाही, या वाक्याचा इथला अर्थ असा आहे. विचारणारा कोणी नाही, खा.

थोडक्यात, स्तोत्रांतलं बंड बहुतेक वेळा वरून होतं. ज्याच्या हातात आधीच दुसऱ्यांचे कासरे आहेत त्याला स्वतःच्या मानेवरचा दोर नको असतो.

इथं मला पंडिता रमाबाईंची आठवण येते, आणि ती ओढूनताणून येत नाही. बाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून सगळं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, आणि १९२४ साली ते पूर्ण छापून बाहेर आलं. म्हणजे हे मोसेरोत आणि आवोत त्यांच्याही टेबलावरून गेलेले. पण त्याच्या कितीतरी आधी, १८८५ साली, बाप्तिस्मा होऊन फार दिवस झाले नसताना, इंग्लंडमधल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यांनी एका पत्रात ठणकावून कळवलं होतं की भटभिक्षुकांच्या जुवातून मी मोठ्या कष्टानं मान सोडवून घेतली आहे, ती आता पाद्री-बिशपांच्या तशाच दुसऱ्या जुवात देणार नाही. त्यांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द देवाची आज्ञा म्हणून मी मानणार नाही. शब्द जुवाचाच. त्या काळच्या कित्येकांना हे बंड वाटलं. मला वाटतं, दुसरं स्तोत्र इतकं नेमकं कळलेली माणसं विरळाच. देवाचा दोर आणि देवाच्या नावानं वळलेला दोर यांत हाताला लागणारा फरक त्यांना ठाऊक होता. यिर्मयाच्या काळीही असाच घोळ होता. संदेष्टा मानेवर जू घालून फिरतोय, आणि हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा ते सर्वांदेखत मोडतो. लोकांना अर्थातच हनन्या आवडला असणार. यिर्मयाला निरोप येतो, हनन्याला सांग: लाकडी मोडलंस, आता लोखंडी येईल. इ.स.पू. ५८६च्या सुमारास यरुशलेम पडलं.

लोखंडाचा विषय निघालाच आहे तर एक कबुली. दुसऱ्या स्तोत्रात अभिषिक्त राजाला सांगितलंय की तू त्यांना लोखंडी दंडानं फोडशील, कुंभाराच्या मडक्यासारखं. ही ओळ मला आवडत नाही. कुठल्याही राजाच्या हातात ही ओळ देऊ नये असं माझं मत आहे, आणि इतिहासात ती दिली गेली आहे. ग्रीक भाषांतरकारांनी त्याच हिब्रू व्यंजनांचे स्वर बदलून 'फोडशील'ऐवजी 'मेंढपाळासारखा राखशील' असं वाचलं. त्यांचं बरोबर असेलच असं नाही. पण दंड मेंढपाळाच्या हातातही असतो, एवढं मनात ठेवून मी पुढं जातो.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेली जागा. दुसऱ्या स्तोत्राची सुरुवात: राष्ट्रं का खवळली आहेत, लोक व्यर्थ योजना का करत आहेत? 'योजना करणं' हा अनुवाद ठीक आहे, पण मूळ शब्द 'हागा' आहे. हागा म्हणजे तोंडातल्या तोंडात आवाज करणं. पुटपुटणं. यशयात सिंह शिकारीवर बसून गुरगुरतो तिथंही हागा, पारवा घुमतो तिथंही हागा. आणि पान उलटून मागं गेलं, तर पहिल्या स्तोत्रातला धन्य माणूस परमेश्वराच्या नियमशास्त्रावर रात्रंदिवस काय करतो? हागा. पुटपुटतो. ओठांवर घोळवत राहतो, आपल्याकडे आजी स्वयंपाक करताना काहीतरी म्हणत असते तसं.

म्हणजे भक्त आणि बंडखोर दोघं एकच क्रिया करतायत. दोघांचेही ओठ हलतायत, दोघांचाही आवाज दूरवर जात नाही. तालमूदमध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चांच्या ग्रंथात, तर रब्बी (ज्यू धर्मगुरू) सांगतात की ही दोन्ही मिळून एकच स्तोत्र आहे. पहिल्याच्या पहिल्या ओळीत 'धन्य', दुसऱ्याच्या शेवटच्या ओळीत 'धन्य'. पाण्याच्या ओहोळाशी लावलेल्या झाडासारखा एकटा माणूस एका टोकाला, संतापलेले राजे दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये हे एक पुटपुटणं. ते वाचलं तेव्हा मी घरातल्या घरात स्वतःला ऐकायला लागलो. ऑफिसला जाताना, भांडी घासताना मी जे काही तोंडातल्या तोंडात बोलत असतो, त्यातलं किती पहिल्या स्तोत्रातलं आणि किती दुसऱ्यातलं? हिशेब फारसा बरा निघाला नाही.

मग फरक कळायचा कसा? याचं एक उत्तर मला व्याकरणात सापडलं. सापडलं म्हणजे आधी कोणी सांगितलं नसेल असं नाही, पण मी वहीत नोंदी करत करत तिथं पोचलो. स्तोत्रांत बंडखोरांची जी वाक्यं अवतरणात येतात, ती सगळी मी एका पानावर उतरवून काढली. 'त्यांचे दोर झुगारू.' 'आमच्यावर धनी कोण?' 'देव नाही.' 'देव विसरला आहे, त्यानं तोंड लपवलंय.' 'कोण ऐकतंय?' 'देवाला कसं कळणार?' 'देव रानात मेज मांडू शकेल काय?' 'परमेश्वर पाहत नाही.' सगळीकडे 'तो'. देवाबद्दल बोलायचं, देवाशी नाही. एकमेकांशी, नाहीतर मनातल्या मनात.

उलट ४४वं स्तोत्र घ्या. लोक हरलेत, त्यांची मेंढरांसारखी कत्तल झाली आहे, आणि ते देवाला सुनावतात: ऊठ, झोपलास का? तू आम्हांला कवडीमोलानं विकलंस, त्यात तुलाही काही मिळालं नाही. शब्दांचा कडवटपणा बघितला तर दुसऱ्या स्तोत्रातले राजे याच्यापुढे सभ्य वाटतील. पण कडवटपणा 'तू'ला उद्देशून आहे, म्हणून ते स्तोत्र ठरलं, बंड नाही. तालमूद सांगतो की यरुशलेमच्या मंदिरातले लेवी सेवक रोज हे 'ऊठ, झोपलास का' म्हणत असत, त्यांना 'जागे करणारे' असंच नाव पडलं होतं, आणि पुढं योहानान नावाच्या प्रमुख याजकानं ती प्रथा बंद केली. देवाला कुठं झोप असते का, म्हणून. याजकाचं शास्त्र बरोबर असेल, पण स्तोत्र त्यानं पुसलं नाही, हे बरं केलं.

माझ्या त्या पानावर एक वाक्य मात्र बसेना. दहाव्या स्तोत्रातला तोच दबा धरणारा माणूस तेराव्या ओळीत मनात म्हणतो, 'तू जाब विचारणार नाहीस.' तू! हिब्रूत स्पष्ट द्वितीय पुरुष आहे. ग्रीक भाषांतरात तो 'तो' करून टाकलाय, कारण उघड आहे, खटकतंच ते. काही जण म्हणतील की बोलणारा कवीच मध्ये देवाकडे वळला. असेल. पण मला ते तसंच ठेवावंसं वाटतं. याआधी हाच माणूस देव नाही म्हणाला आहे, विसरला म्हणाला आहे. आणि मग एकदाच, बेसावध असताना, मनात म्हणतो, तू विचारणार नाहीस. ज्याला नाही म्हटलं त्यालाच 'तू' म्हणाला. पळणाऱ्या जनावराच्या मानेत दोराचा तुकडा लोंबत राहिलेला असावा तसा हा 'तू' तिथं राहून गेलाय.

७३व्या स्तोत्रात त्याचा कवी आसाफ हाच प्रवास उलट्या दिशेनं करतो. पहिला अर्धा भाग तो दुष्टांच्या सुखाकडे बघत जळतो. त्यांना वेदना नाहीत, अंगानं गुबगुबीत, गर्व गळ्यातल्या हारासारखा. तोंड आभाळाला लावलंय आणि जीभ जमिनीवर फिरतेय, अशी एक विलक्षण ओळ आहे. माझे पाय घसरलेच होते, तो म्हणतो. जवळजवळ सगळं 'ते' आणि 'तो'मध्ये. मग तो देवाच्या पवित्रस्थानात जातो आणि सर्वनाम बदलतं. 'मी जनावर होतो तुझ्यासमोर,' तो म्हणतो. जनावरासाठी शब्द 'बेहेमोत', गुराढोरांचा. आणि लगेच पुढं: तरी मी नेहमी तुझ्याजवळ आहे, तू माझा उजवा हात धरला आहेस. जनावराचा दोर धरतात, आसाफाचा हात धरलाय. ३२वं स्तोत्र हेच दरडावून सांगतं: घोडा किंवा खेचर यांच्यासारखे होऊ नका, त्यांना लगाम घातल्याशिवाय ती जवळ येत नाहीत. म्हणजे इच्छा अशी दिसते की दोर लागूच नये.

पण लागतो. ७८वं स्तोत्र हा लागण्याचा लांबलचक इतिहास आहे, ७२ ओळींचा, आणि वाचताना दम लागतो. समुद्र दुभंगला, खडकातून पाणी आलं, आभाळातून भाकर पडली, तरी कुरकुर. तिथं पूर्वजांना 'सोरेर' पिढी म्हटलंय. होशेयात हाच शब्द जुवाला मान न देणाऱ्या कालवडीसाठी आहे. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातही तो येतो, आईबापांचं न ऐकणाऱ्या हट्टी, बंडखोर मुलासाठी, आणि तिथं त्या मुलाला दगडमाराची शिक्षा सांगितली आहे. तालमूदमधले रब्बी या कायद्यापाशी येऊन थबकले. एवढ्या अटी, एवढे पुरावे त्यांनी घातले की शेवटी त्यांच्यातलेच काही म्हणाले, असा मुलगा कधी झाला नाही आणि होणारही नाही. मग लिहिलंय कशाला? अभ्यास करा आणि त्याचं फळ घ्या, म्हणून. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "अरे, बाप होते ना ते सगळे."

याच स्तोत्राच्या पोटात आणखी एक गंमत आहे. जुन्या लेखनिकांनी स्तोत्रसंहितेच्या ओळी मोजल्या: २५२७. बरोबर मधली कोणती? त्यांच्या मोजणीप्रमाणे ७८व्या स्तोत्राची ३६वी: त्यांनी तोंडानं त्याची खुशामत केली, जिभेनं खोटं बोलले. तालमूदमधली मोजणी वेगळी पडते. तिथं मधली ओळ ३८वी: पण तो दयाळू, अपराध झाकून टाकतो, नाश करत नाही. दोन ओळींचं अंतर. एकाच्या मोजणीनं दीडशे स्तोत्रांच्या मधोमध लबाडी बसलीय, दुसऱ्याच्या मोजणीनं दया. (१०६व्या स्तोत्रात, जाता जाता, हेच लोक देवाच्या तेजाच्या बदल्यात गवत खाणाऱ्या बैलाची प्रतिमा घेतात. जू नको होतं, बैल चालला.)

आणि दोर तुटला तर? राजे म्हणतात तसा खरंच झुगारता आला तर? ८१वं स्तोत्र, गुरुवारचं, या प्रश्नापाशी येतं. देव आठवण करून देतो: मी त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरवलं, त्याचे हात टोपलीतून सुटले. ती टोपली मिसरातली, म्हणजे इजिप्तमधली, वेठबिगारीची. म्हणजे खरं जू कोणाचं होतं आणि कोणी काढलं, हे आधी सांगून मग तो म्हणतो, तोंड मोठं उघड, मी भरीन. त्यांनी ऐकलं नाही. 'म्हणून मी त्यांना त्यांच्या मनाच्या हट्टावर सोडून दिलं, आपल्याच मसलतीनं चालायला.' दुसऱ्या स्तोत्रात आभाळात बसलेला हसतो, त्या हसण्याची मला पूर्वी भीती वाटायची. आता या सोडून देण्याची वाटते. त्यात विजेचा लोळ नाही, लोखंड नाही. मागितलं ते दिलं, एवढंच. आणि लगेच पुढच्या ओळीत त्याचाच जीव तुटतो: माझ्या लोकांनी ऐकलं असतं तर!

गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी काकूंकडे बसून मी ९५वं स्तोत्र वाचत होतो. सोळाव्या शतकात गालीलातल्या 'सफेद' नावाच्या गावच्या गूढवाद्यांनी शब्बाथाच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाच्या, स्वागताला ते म्हणायची रीत पाडली, आणि अनेक ज्यू समाजांत ते अजून शुक्रवारच्या सांजेला गातात. सुरुवात उत्सवाची: या, जयघोष करू. आपण त्याच्या कुरणातले लोक, त्याच्या हातातली मेंढरं. आणि मग गाणं मध्येच मोडतं. आज त्याची वाणी ऐकाल तर! मरीबासारखं मन कठीण करू नका, मस्सासारखं. मरीबा म्हणजे भांडण, मस्सा म्हणजे पारख. जागांची नावंच ती पडली. देव म्हणतो, चाळीस वर्षं मला या पिढीचा वीट आला होता. शेवटची ओळ शपथेची: हे माझ्या विसाव्यात येणार नाहीत. तिथंच संपतं. वर चढायला शिडी नाही.

"विसाव्यावरच का मोडलं हे?" मी विचारलं.

काकूंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी शनिवार तेल्यांचं सांगितलं. बेने इस्राएल कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत, हे मला ठाऊक होतं. शब्बाथाच्या आज्ञेत बैलाचंही नाव आहे, त्यालाही विसावा, हेही वाचलेलं. पुढचं ठाऊक नव्हतं. काकूंच्या आजीला तिच्या आजीनं सांगितलेलं असं की शनिवारी सकाळी घाण्याचा बैल सोडायचे. डोळ्यांवरची झापडं काढलेली, मानेवर काही नाही, अंगण मोकळं. तरी तो बराच वेळ अंगणात गोल फिरत राहायचा. पोरं हसायची. मग कधीतरी थांबायचा, मान खाली घालून हुंगायचा आणि कुंपणाकडच्या गवताला तोंड लावायचा.

"रोज?" मी म्हटलं.

"दर शनिवारी," काकू म्हणाल्या, आणि दिवे लावायची वेळ झाली म्हणून उठल्या.